संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांना आणि पुस्तकं जागेवर लावणाऱ्या प्रत्येकाला

सप्रेम नमस्कार.

पुस्तक ग्रंथालयात असणं ही एक गोष्ट आणि ते वाचकाच्या हाती लागणं ही दुसरी. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या यादीत, नोंद आहे, पडद्यावर 'उपलब्ध' दिसतंय आणि रॅकवर मात्र पुस्तक नाही, तर ते हरवल्यातच जमा. पहिल्या गोष्टीला पैसा लागतो, दुसरीला रोज माणूस लागतो. ही दुसरी गोष्ट तुम्ही सांभाळता, म्हणून तुमचे आभार मानतो आहोत. पत्र उघड लिहिण्याचं कारण एवढंच, की तुमच्या कामाची रीत कळली तर बाकीच्या वाचकांनाही ग्रंथालय नीट वापरता येईल.

सगळ्यांत आधी आभार तुमच्या प्रश्नांचे. टेबलाशी आलेला माणूस विचारतो, "आरोग्याची पुस्तकं कुठे आहेत?" रॅककडे बोट दाखवून मोकळं होता येतं. तुम्ही तसं करत नाही. नेमकं काय शोधताय, आधी काय वाचून झालंय, कुणासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय, एवढं विचारता. मग कळतं की घरात मूत्रपिंडाचा आजार आहे आणि जेवणात काय द्यावं ते पाहायचंय. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात या एकाच गरजेची तीन घरं आहेत: आजार ६१६.६१ मध्ये, आहारशास्त्र ६१३.२ मध्ये आणि पथ्याचा स्वयंपाक ६४१.५६३ मध्ये. एकटा शोधणारा वाचक यातल्या एकाच घरासमोर उभा राहतो आणि 'इथे काही नाही' म्हणून परत जातो. औषध कोणतं घ्यावं हे तुम्ही कधी सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण पुस्तक उघडायच्या आधी आवृत्ती कुठल्या वर्षाची आहे ते बघायला लावता. वैद्यकाच्या आणि कायद्याच्या पुस्तकांत या एका सवयीने फार मोठी चूक टळते.

पुस्तकाच्या पाठीवरच्या आकड्यांच्या चिठ्ठीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी ही दशांश पद्धत १८७६ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून वाचकांची चूक बहुधा एकाच ठिकाणी होत आली आहे: दशांश चिन्हाच्या पुढे. ६४१.५६३ हे ६४१.६ च्या आधी येतं. पाचशे त्रेसष्ट सहापेक्षा मोठे, असं मनात येतं आणि पुस्तक पुढे शोधलं जातं. त्याहून वाईट म्हणजे पुढे लावलं जातं. चिन्हानंतरचे अंक सुटे वाचायचे: पाच, सहा, तीन. पाच सहाच्या आधी येतो, मग मागे कितीही अंक असोत. वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, सारखा असेल तर खालच्या ओळीतली अक्षरं बघायची, ती बहुधा लेखकाच्या नावावरून असतात. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. पुढे १ आला की कविता, २ आला की नाटक, ३ आला की कथा-कादंबरी. एवढं लक्षात ठेवलं तर ही पद्धत वापरणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयात सरळ योग्य रॅकपर्यंत जाता येतं.

दार उघडण्याआधी खणामागून खण वाचत, भरकटलेली पुस्तकं जागेवर आणणारे हात कुणाला दिसत नाहीत. दोन पुस्तकं इकडेतिकडे सरकलेलं पुस्तक नजरेला पडतं. एक रॅक ओलांडून गेलेलं पुस्तक मात्र सगळी पुस्तकं तपासली जातात त्या ग्रंथपडताळणीपर्यंत सापडत नाही, आणि तोवर त्याची मागणी नोंदवलेले वाचक ताटकळतात. म्हणून वाचकांना आमची विनंती: चाळून झालेलं पुस्तक स्वतः रॅकमध्ये लावू नका, टेबलावर किंवा ट्रॉलीवर ठेवा. यात आळस नाही. टेबलावर राहिलेली पुस्तकं मोजली जातात, आणि घरी न नेता इथेच वाचलेल्या पुस्तकांचा उपयोग त्या मोजणीतूनच कळतो. पुढची खरेदी ठरवताना ती नोंद कामी येते. परत लावलेल्या पुस्तकाची अशी दखल कोण घेणार?

तालिकेसाठी तुम्ही घेत असलेल्या मेहनतीचे आभार कसे मानावेत हेच कळत नाही. मराठीत शोध घेणं वाटतं तितकं सोपं नाही. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले. त्याआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकांत 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार आहेत. आजच्या पद्धतीने टाइप केलं तर यंत्र 'सापडलं नाही' म्हणून हात वर करतं. 'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे उमटतं, दिसायला एकसारखं आणि यंत्राच्या लेखी वेगळं. त्यात टोपणनावं. कविता कुसुमाग्रज या नावावर आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावावर, माणूस एकच. दोन्ही नावं एकमेकांना जोडणारी नोंद कुणीतरी बसून केलेली असते, म्हणून एका नावाने शोधलं तरी दुसऱ्यावरची पुस्तकं दिसतात. वाचकाने एवढंच करावं: पूर्ण शीर्षक टाइप करू नये. आडनाव आणि शीर्षकातला एखादा वेगळा शब्द पुरतो. अनुस्वार किंवा जोडाक्षर नसलेला शब्द निवडला तर आणखी बरं. तरीही सापडलं नाही तर 'पुस्तक नाही' असं मानू नये, टेबलाशी येऊन विचारावं.

आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देण्याची सोय किती वाचकांना माहीत असेल? आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज रखडतो तो बहुतेक वेळा अपुऱ्या माहितीमुळे. पुस्तकासाठी लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशनवर्ष आणि असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, द्यावा. लेखासाठी नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, अंक आणि पृष्ठं. नुसतं 'तो जुना लेख' म्हणून तुम्ही तरी कुठे शोधणार? आयएसबीएनची एक खोच आहे. २००७ पासून तो १३ अंकी झाला, त्याआधी १० अंकी होता. जुन्या क्रमांकाला पुढे ९७८ जोडून तो १३ अंकी होतो खरा, पण शेवटचा तपासणी अंक नव्याने काढावा लागतो, तोच ठेवला तर क्रमांक चुकीचा ठरतो. जुना क्रमांक पुस्तकावर छापलाय तसाच लिहून द्यावा, हे उत्तम.

वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांशी तुम्ही जे करता ते तर निगराणीच म्हणायला हवं. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो, आम्लामुळे ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. असा खंड झेरॉक्सच्या काचेवर पालथा दाबला की पाठ उकलते. म्हणून तुम्ही झेरॉक्सला नाही म्हणता आणि उशीवर खंड टेकवून वरून फोटो काढू देता. काही वाचकांना हा अडेलपणा वाटतो. त्यांनी एकदा चिकटपट्टी लावलेलं जुनं पान पाहावं: पट्टी गळून पडलेली, डिंक पिवळा होऊन अक्षरांत मुरलेला, आणि तो काढायचा तर कागदही सोबत येतो. फाटलेलं पान घरी चिकटवू नये, तसंच आणून द्यावं. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने ते जोडता येतं आणि पुढे गरज पडली तर पाण्याने सोडवताही येतं. पुस्तक भिजलं तर तेही लपवू नये. ४८ तासांत बुरशी धरायला लागते. उन्हात वाळवलं तर पानं वेडीवाकडी होतात, आणि चिकटलेली पानं ओढून सोडवली तर छपाई निघून येते. ताबडतोब कळवलं तर पुस्तक वाचवता येतं. रॅकमधून काढताना वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नये, शेजारची दोन पुस्तकं किंचित आत ढकलून मधल्याला मध्यावर धरावं. पाठीची वरची कड फाटते ती याच ओढण्याने.

ब्रेल विभागासाठी वेगळे आभार. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात आणि ते दाटीने कोंबले तर ठिपके दबून वाचता येत नाहीत. जागेची एवढी ओढाताण असूनही ते खंड तुम्ही मोकळे उभे ठेवता. डेझी पद्धतीची बोलकी पुस्तकं काय करतात हेही अनेकांना ठाऊक नसतं: साध्या ध्वनिफितीत प्रकरण शोधत बसावं लागतं, डेझीत थेट प्रकरणावर किंवा पानावर जाता येतं. विद्यार्थ्याला हा फरक फार मोठा आहे. दृष्टिबाधितांसाठी अशा प्रती करणं आणि त्या देशोदेशी देणं सोपं व्हावं म्हणून २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश इथे करार झाला आणि २०१६ मध्ये तो लागू झाला. त्याचा लाभ दारापर्यंत पोहोचतो तो तुमच्यासारख्यांनी प्रती मागवून ठेवल्यामुळे.

ई-पुस्तकांची रांग पाहून वाचक चिडतात, 'फाइलच तर आहे' म्हणतात. बहुतेक परवान्यांत एका वेळी एकच वाचक ते पुस्तक उघडू शकतो, आणि काही परवाने ठरावीक मुदतीनंतर संपतात. वाचून झालं की मुदतीची वाट न पाहता परत करावं, पुढच्याला त्याच क्षणी मिळतं.

एका कामासाठी तुम्हाला नेहमी बोलणी बसतात, ते म्हणजे पुस्तकं बाद करणं. आम्ही याबाबत ठामपणे तुमच्या बाजूने आहोत. जुन्या औषधमात्रा, रद्द झालेले कायदे, बदललेला अभ्यासक्रम रॅकवर ठेवणं म्हणजे वाचकाला चुकीची माहिती देणं. दाटलेल्या रॅकमध्ये चांगली पुस्तकंही दिसेनाशी होतात. स्थानिक इतिहास, दुर्मीळ आवृत्त्या आणि शेवटची प्रत तुम्ही या निकषातून बाजूला काढता, आणि तीच खरी पारख आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. नको ती पुस्तकं काढून ठेवल्याने तो वेळ किती वाचतो, हे रिकाम्या हाताने परतलेल्या वाचकालाच कळेल.

पाठीवरची चिठ्ठी सुटलेली किंवा आकडे पुसट झालेली जी पुस्तकं आम्हाला दिसली, त्यांचे दाखल क्रमांक (ग्रंथालयाने प्रत्येक प्रतीला दिलेले) सोबतच्या कागदावर लिहिले आहेत. पुस्तकं ट्रॉलीच्या खालच्या खणात वेगळी ठेवली आहेत.

आपले,
वाचनकक्षातले आणि देवघेवीच्या रांगेतले वाचक