गुडघा सुजला तर आधी मेडिकल गाठू नका

महोदय,

दिवाळी झाली की कोकणात गावोगाव कबड्डीच्या स्पर्धा लागतात, आणि दरवर्षी कुणाचा ना कुणाचा गुडघा जातो. गेल्या वर्षी माझ्या मुलाचा गेला. चढाईत पाय मातीत रुतला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं एक लिगामेंट, तुटलं. फोंडा घाट चढून कोल्हापूरला ऑपरेशन केलं. मांडीमागची दोरीसारखी शीर (रक्ताची नव्हे, डॉक्टर तिला टेंडन म्हणतात) काढून तिचं नवं लिगामेंट बसवलं.

सोळाव्या दिवशी गुडघा तव्यासारखा तापला. "ऑपरेशन झालंय, सुजणारच," असं शेजारपाजारचे म्हणाले, आणि मलाही तेच सोयीचं वाटलं. मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. ताप उतरला. गुडघा मात्र वाकेनासा झाला, आणि गोळ्या संपताच ताप पुन्हा चढला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, ते पेजेसारखं गढूळ होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी गोळ्या पोटात गेल्यात, आता तपासणीत जंतू सापडेलच असं नाही." जंतू सापडला नाही तर नेमकं औषध कुठलं द्यायचं? दुर्बिणीतून सांधा धुतला, कित्येक आठवडे औषधं चालली. लिगामेंट वाचलं, हे नशीब.

दुसरी चूक माझीच. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ह्यांच्या वस्तऱ्याने मी त्याचा पाय गुळगुळीत करून दिला होता, नर्सचं काम वाचेल म्हणून! वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि जंतूंना तिथे जागा मिळते. केस काढायचेच असतील तर ते क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, आणि तेही हॉस्पिटलमध्येच.

चीर देण्याआधी तासाभरात सलाईनसारखं रक्ताच्या शिरेतून अँटिबायोटिक देतात, हे नंतर कळलं. मांडीतून काढलेली शीर टेबलावर तयार करताना तिला कातडीवरचे जंतू चिकटू शकतात, म्हणून बसवण्याआधी ती व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवण्याची पद्धत आता बरेच सर्जन वापरतात. आमच्या वेळी तसं केलं की नाही, मी विचारलंच नव्हतं. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर विचारा, डॉक्टरांना राग येत नाही.

आमचं डिस्चार्ज कार्ड अख्खं इंग्रजीत होतं. हाडांच्या डॉक्टरांना विनंती आहे की त्यावर मराठीत एवढं तरी छापा: गुडघा गरम झाला, सूज वाढली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी फोन करा, मधे आपल्या मनाने कुठलीही गोळी घेऊ नका. आणि फोन नंबर ठळक अक्षरात, म्हणजे आमच्यासारख्यांना चष्म्याशिवाय दिसेल.

— एका कबड्डीपटूची आई, ता. देवगड