जेनोवातल्या त्या मावशींना

सप्टेंबरात आईला घेऊन इटलीतल्या जेनोवाच्या जुन्या बंदरावर वॉकिंग टूरला गेलो होतो. तिथला पालाझ्झो सान जोर्जो हा वाडा १२६० सालचा. मार्को पोलो इथे कैदेत होता म्हणतात. आई मान वर करून भिंतीवरची चित्रं बघत होती, तेवढ्यात पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला.

सोत्तोरिपाच्या कमानींखाली फारिनाता विकणाऱ्या बाई हातातलं काम टाकून धावत आल्या. आईला दुकानात बसवलं, बुटाची नाडी स्वतः सोडली, फ्रीजरमधली मटाराची पिशवी टॉवेलात गुंडाळून घोट्यावर धरून बसल्या. गिऱ्हाइकं ताटकळली, पण कुणी कुरकुरलं नाही. त्या इटालियनमध्ये बोलत होत्या, आई मराठीत. दोघींचं छान चाललं होतं!

मग भट्टीतून गरमागरम फारिनाता आली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. "अगं, हे तर आपलं बेसनच!" आई पहिल्यांदा हसली. हिंग हवा होता, हेही म्हणालीच. बाईंनी पैसे मात्र घेतले नाहीत.

टॅक्सी आल्यावर टूरमधल्या दोन अनोळखी मुलांनी आईला खुर्चीसकट उचलून नेलं. त्यांचेही आभार.

मावशी, नाव विचारायचं राहिलंच. तुमचा टॉवेल आमच्याकडे आलाय. आईने धुऊन, घडी करून ठेवलाय.