गच्चीच्या कडेची चार फूट जागा पालेभाजीसाठी द्यावी : सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

विषय : गच्चीवरील कुंड्या हटवण्याची नोटीस आणि बी विंगच्या गच्चीवर पालेभाजीच्या क्रेटसाठी जागा मिळण्याबाबत

मा. अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

गच्चीवरच्या सर्व कुंड्या, ड्रम आणि क्रेट महिनाअखेरपर्यंत हलवावेत, अशी नोटीस लिफ्टशेजारच्या फलकावर लागली आहे. ती वाचून हे पत्र लिहीत आहे. नोटीस का काढावी लागली ते मला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर दोन घरांच्या छताला ओल आली. एका घरात पीओपीचा तुकडा खाली पडला, आणि त्या घरात लहान मूल आहे. अशा वेळी समितीने गप्प बसायला हवं होतं असं कोणीही म्हणणार नाही. माझी विनंती एवढीच की, ज्यामुळे ओल आली ते जरूर हटवा. पण ज्याचा ओलीशी संबंध नाही त्या पालेभाज्यांना त्याच नोटिशीत ओढू नका. त्यांना नियम घाला आणि पूर्वेच्या कठड्यालगत चार फूट रुंदीची पट्टी द्या.

ओल कशाने आली हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. प्लंबरने पावसाळी पाइपच्या तोंडावरची जाळी काढली तेव्हा खालून चिखल आणि कुजलेला पाला निघाला. गच्चीवरचं पाणी जायला वाट नव्हती, ते तुंबून राहिलं आणि ब्रिकबॅट कोब्याच्या, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थराच्या, जुन्या भेगांतून खाली उतरलं. तो चिखल आला होता लिंबू, पेरू आणि शेवगा लावलेल्या निळ्या ड्रममधून. हे ड्रम थेट फरशीवर ठेवलेले, आत नुसती काळी माती, आणि झाडाची मुळं तळाच्या भोकांतून बाहेर येऊन सांध्यांत शिरलेली. अशी झाडं गच्चीवर नकोत, या समितीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. ती खालच्या बागेत कुंपणालगत लावावीत.

वजनाचा हिशेबही मांडते, कारण मागच्या बैठकीत सचिवांनी तोच मुद्दा काढला होता. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. २०० लिटरचा ड्रम मधोमध कापून त्यात ओली माती भरली तर एका अर्ध्या ड्रमचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं, आणि ते सगळं पाव चौरस मीटर जागेवर येतं. म्हणजे चौरस मीटरला सातशे किलो. आता भाजीवाल्यांकडे असतो तो जाळीचा प्लास्टिक क्रेट घ्या. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि थोडीशी माती यांचं हलकं मिश्रण सहा इंच भरलं, तर पाणी पिऊन तृप्त झालेला क्रेट साधारण २५ किलोचा होतो. ३० फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टीत मोकळी जागा सोडून असे २४ क्रेट ठेवले तर एकूण वजन ६०० किलो. ते ११ चौरस मीटरवर पसरलं की चौरस मीटरला ५५ किलोसुद्धा पडत नाहीत. तरीही आपली इमारत जुनी आहे, म्हणून माझ्या आकड्यांवर विसंबू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी मत घ्यावं. त्याची फी पालेभाजी लावू इच्छिणाऱ्या सभासदांनी वर्गणी काढून द्यावी.

पालेभाजीला सहा इंच पुरतात, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. मेथी, कोथिंबीर, लेट्यूस (सॅलडचा पाला), पालक, लाल माठ यांना फळ धरायचं नसतं. पान काढेपर्यंत त्यांची गरज वरच्या थरातच भागते. मेथीचे दाणे रात्री भिजवून दाट पेरले की तीन-चार दिवसांत वर येतात आणि तीन आठवड्यांत जुडी होते. धणे मात्र आधी हलक्या हाताने रगडून त्यांची दोन दलं वेगळी करावी लागतात, आणि कोथिंबीर हाती यायला महिना-सव्वा महिना लागतो. करडई काटे धरण्याआधी कोवळी खुडायची. ऊनही दिवसभराचं लागत नाही. सकाळचं तीन-चार तास मिळालं तरी पानं चांगली होतात, म्हणूनच मी पूर्वेचा कठडा मागते आहे.

लेट्यूसबद्दल जरा सविस्तर लिहिते. आपल्या सोसायटीतल्या तरुण मंडळींना ते हवं असतं आणि दुकानात ते महाग मिळतं. त्याचं बी बारीक आणि चपटं असतं. ते मातीत गाडायचं नाही. ओल्या मातीवर भुरभुरवून तळव्याने दाबायचं आणि वर चिमूटभर कोकोपीट टाकायचं, कारण त्याच्या बऱ्याच जातींना उगवताना उजेड लागतो. मातीचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं की हे बी अडून बसतं. त्यामुळे ऑक्टोबर हीटमध्ये रोपांचा ट्रे गच्चीवर न ठेवता घरात गार फरशीवर ठेवावा आणि चार पानं आली की रोपं क्रेटमध्ये लावावीत. वीतभर झालं की बाहेरची पानं बुडाशी धरून मोडायची. मोडल्या जागी दुधासारखा पांढरा चीक येतो. मधला गाभा तसाच ठेवला की तो नवी पानं देत राहतो, आणि एका रोपावर महिना-दीड महिना भागतं. फेब्रुवारी सरता सरता दांडा उंच होऊ लागतो, पान कडू लागतं, मग ते उपटून कंपोस्टमध्ये टाकायचं.

आणि हे सगळं काही फक्त परदेशी सॅलडसाठी नाही. सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरांत मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला कच्चाच चिरून त्यात दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल घालून घोळाणा करतात. भाकरीबरोबर त्याला तोड नाही. आपल्या ए विंगमधल्या एक आजी आजही तो आठवड्यातून दोनदा करतात. पण कच्चा पाला खायचा म्हणजे तो कोणत्या पाण्यावर वाढला हे माहीत असायला हवं. बाजारातल्या जुडीबद्दल ते कळायला मार्ग नसतो. गच्चीवरच्या क्रेटबद्दल ते आपल्या हातात असतं, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

याच कारणाने एक नियम समितीने अगदी कडक ठेवावा. आपल्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, प्रक्रिया केलेलं पाणी खालच्या बागेला आणि फ्लशला जातं, ते तिथेच जावं. कच्च्या खायच्या पालेभाजीला ते एक थेंबही घालू नये. त्याला महापालिकेचं पिण्याचं पाणी किंवा साठवलेलं स्वच्छ पावसाचं पाणीच हवं. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणीही नको. त्यातले क्षार साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात. पाणी फार लागतं अशी शंका असेल, तर थंडीत एका क्रेटला दिवसाला दीड-दोन लिटर पुरतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. चोवीस क्रेटना थंडीत तीन बादल्या. शॉवरच्या झारीने हळूहळू घातलं तर खालून फारसं गळतही नाही.

थंड देशांत लोक अंगणात कोल्डफ्रेम करतात : लाकडाची बुटकी, बिनबुडाची पेटी, वर काचेचं उतरतं झाकण, तोंड दक्षिणेकडे. बाहेर दहिवर गोठलेलं असताना आत पालक आणि लेट्यूस तग धरतात. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं अमेरिकेत, कॅनडात आहेत. त्यांच्या घरामागे ही पेटी दिसते. तिथेसुद्धा ऊन पडलं की झाकण उचलून ठेवावं लागतं, नाहीतर पानं उकडून निघतात. पुण्याच्या उन्हात काच ठेवणं म्हणजे पाला शिजवणंच. थंडी आपल्याला नडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला तरी मेथी उलट कसदार होते. आपल्याला नडतं ते एप्रिल-मेचं ऊन, जुलैचा मारा आणि बाराही महिने कबुतरं.

म्हणून पेटी तीच, झाकण आपलं. क्रेटची उंची साधारण अकरा-बारा इंच असते. सहा इंच मिश्रण भरलं की वर पाच-सहा इंच मोकळी जागा राहते, तीच पेटीचं काम करते. वर लाकडी पट्ट्यांची हलकी चौकट बसवायची. थंडीत तिला मच्छरदाणीचं कापड लावावं, म्हणजे कबुतरं कोंब खात नाहीत आणि पानांत बोगदे करणारी नागअळीही बरीच कमी होते. मार्चपासून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद, पण चौकट एका बाजूने उचलून, म्हणजे पाणी उताराने जाईल आणि वाराही खेळेल. बिजागरी नको, चार कोपऱ्यांना दोरी बांधावी. पुण्यात वळवाच्या वाऱ्याने पत्रेसुद्धा उडतात. सुटी चौकट कठड्यावरून खाली गेली तर कोणाच्या तरी डोक्यात बसेल. त्याच धास्तीने आणखी एक सांगते. गच्चीच्या कुंड्यांपेक्षा मला खिडकीच्या ग्रिलवर आणि कठड्यावर ठेवलेल्या कुंड्यांची भीती जास्त वाटते. त्यांवर बंदी घालायची असेल तर जरूर घालावी, माझा पाठिंबा आहे.

हंगामाप्रमाणे भाजी बदलली की सावलीच्या जाळीवरही फार भिस्त ठेवावी लागत नाही. उन्हाळ्यात लेट्यूसच्या नादी न लागता घोळ, राजगिरा आणि सावलीत पुदिना लावावा. पावसाळ्यात लाल माठ आणि अंबाडी येतात. मेथी-पालक-करडई-लेट्यूस हे दसऱ्यापासून होळीपर्यंतचं काम.

डासांचा मुद्दा खालच्या मजल्यावरच्या सभासदांनी मांडला होता आणि तो रास्त आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. म्हणून क्रेटखाली ट्रे ठेवायचाच नाही. क्रेट विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर फरशीपासून निदान सहा इंच वर ठेवावेत. म्हणजे खालून झाडू फिरतो, फरशी वाळते आणि कोब्याला भेग पडली तर लगेच दिसते. जाळीच्या क्रेटला आतून हिरवी जाळी किंवा जुनं सुती कापड लावलं की मिश्रण वाहून जात नाही. पाइपच्या तोंडापासून चार फुटांच्या आत एकही क्रेट नको.

कंपोस्टचंही सांगायला हवं. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ आल्यापासून आपण ओला कचरा आवारातच जिरवतो. गांडूळखताचे हौद त्यासाठीच बांधले. महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते, ती टिकवायची तर हौद चालू हवेत. आज मात्र तयार खत पोत्यांत भरून पंपघराजवळ पडून आहे आणि माळीकाका म्हणतात, बागेला एवढं लागत नाही. ते चाळून, नीट मुरलेलं, मातीचा वास येणारं खत क्रेटसाठी वापरता येईल. अर्धवट कुजलेलं मात्र कच्च्या खायच्या भाजीला घालू नये.

हे जमणारं काम आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं पिकवली. तिथली हवा खारी, पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आपण तर फळझाडंही मागत नाही, फक्त पाला मागतो.

गच्ची सर्वांची आहे, त्यामुळे तिच्या वापराचा निर्णय सर्वसाधारण सभेतच व्हावा हे मला मान्य आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि तोपर्यंत ड्रम व झाडांपुरती नोटीस अमलात आणून क्रेटपुरती ती थांबवावी. परवानगी एका वर्षाचीच द्यावी. क्रेट मागणाऱ्या प्रत्येक घराला एक, जास्त मागणी आली तर चिठ्ठ्या टाकाव्यात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही चिठ्ठीत धरावं, कारण कित्येक वर्षं इथे राहूनही त्यांच्या वाट्याला हातभर माती येत नाही. प्रत्येकाने अनामत ठेवावी. पावसाळ्याआधी आणि नंतर वॉटरप्रूफिंगची पाहणी व्हावी. पाइपच्या जाळ्या दर रविवारी साफ करण्याची पाळी क्रेटवाल्या घरांनीच लावून घ्यावी आणि वही सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवावी. वरच्या मजल्यावरच्या ज्या दोन घरांना त्रास झाला, त्यांच्यापैकी एकाला देखरेखीत घ्यावं. त्यांनी कोणताही क्रेट हलवायला सांगितला तर तो त्याच दिवशी हलेल. पुन्हा ओल आली आणि ती या पट्टीखालची निघाली, तर दुरुस्तीचा खर्च क्रेटवाली घरं वाटून घेतील, असं आम्ही अकरा घरांनी सह्यांनिशी लिहून दिलं आहे. ती प्रत सोबत जोडली आहे.

समितीच्या येत्या बैठकीत मला दहा मिनिटं मिळाली तर एक क्रेट भरून, पाणी घालून घेऊन येईन. क्लबहाऊसमधल्या वजनकाट्यावर तो सर्वांसमोर ठेवू आणि खालून किती पाणी गळतं तेही पाहू. इंजिनिअरच्या भेटीची तारीख आपण ठरवावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
बी विंग, तिसरा मजला

सोबत : अकरा घरांच्या सह्यांचं हमीपत्र, पट्टीचा हाताने काढलेला नकाशा