जुने बोल्ट परत लावण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) आणि ब्रेक डिस्क घरीच बदलणार आहेस हे वाचून आनंद झाला. आर्म कुठल्या बनावटीचे घ्यावेत, डिस्कची जाडी किती हवी, हे सगळं तू बारकाईने विचारलंस. बोल्टबद्दल मात्र एकच ओळ: "जुने ठीक दिसतायत, तेच लावेन." त्या ओळीने मला काळजी वाटली, म्हणून हे पत्र फक्त बोल्टबद्दल.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. मूळ लांबीवर यायची त्याची ओढ दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते, आणि त्या दाबातून येणारं घर्षण आर्मला जागचं हलू देत नाही. आडवे धक्के बोल्टच्या दांड्याने सोसायचे नसतात. ताण कमी पडला तर भाग सूतभर का होईना सरकू लागतात, दांडा प्रत्येक खड्ड्यात इकडून तिकडे वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. बोल्ट तुटला की लोक म्हणतात जास्त आवळला असेल. बऱ्याचदा तो कमी आवळलेला असतो.

आता अडचण अशी की टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ (टॉर्क) आला की 'टक' करणारा पाना, हा ताण मोजतच नाही. तू लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांमध्ये, आणि जेमतेम 10 टक्के बोल्ट ताणायला उरतो. आट्यांवर गंज असेल तर रेंच ठरल्या आकड्याला 'टक' करतं, पण ताण आलेलाच नसतो. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून गाठलास तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. म्हणून मॅन्युअलमध्ये तेल लावा असं लिहिलं असेल तरच लावायचं. कॅलिपर ब्रॅकेटच्या (ब्रेकचा कॅलिपर धरणाऱ्या चौकटीच्या) बोल्टला 'पुढच्या वेळी सहज निघावा' म्हणून ग्रीस किंवा कॉपर पेस्ट अजिबात नको.

कुठले बोल्ट नवेच घ्यायचे? मॅन्युअलमध्ये टॉर्कच्या आकड्यासोबत बोल्ट पुढे फिरवायचा कोन दिला असेल, म्हणजे '60 न्यूटन-मीटर, मग 90 अंश' असं काही, तर आधी सावध हो. अशा कामात बऱ्याचदा ताणून कायमचा लांबवायचा बोल्ट वापरलेला असतो: इंजिनचे हेड बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, आणि अनेक गाड्यांत सस्पेन्शनचेही. तो एकदा ताणला की पुन्हा तसाच ताण देईल याचा भरवसा नाही. क्वचित काही कंपन्या लांबी मोजून परत वापरायची मुभा देतात. तशी मर्यादा लिहिलेली नसेल तर नवाच. तुझ्या कामात याशिवाय बॉल जॉइंटचा (आर्मच्या बाहेरच्या टोकाच्या गोल सांध्याचा) सेल्फ-लॉकिंग नट, आट्यांवर पकडीसाठी रंगीत लेप घेऊन येणारे कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट आणि असतील तिथे स्प्लिट पिना, एवढं सगळं नवं घे. नायलॉक नटमधलं नायलॉन एकदा कापलं गेलं की पकड कमी होते, आणि साधारण 120 अंश सेल्सियसच्या वर ते टिकत नाही, म्हणून ब्रेकजवळ किंवा एक्झॉस्टला तो कधीच वापरू नकोस.

कंपनीचा मूळ बोल्ट मिळाला तर प्रश्नच मिटला. नाहीच मिळाला तर डोक्यावरचा आकडा बघ. 8.8 मध्ये पहिला आकडा म्हणजे 800 मेगापास्कल तुटण्याची ताकद, आणि दुसरा सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 ला, तो कायमचा लांबू लागतो. 10.9 साठी हेच 1000 आणि 900. डोक्यावर आकडा नाही, बनवणाऱ्याची खूण नाही, असा बोल्ट चाकाच्या आसपास लावायचाच नाही. स्टेनलेस दिसायला छान, पण नेहमी मिळणारा ए2-70 हा 8.8 पेक्षाही कमजोर, शिवाय आवळताना त्याचे आटे एकमेकांना चिकटून बसतात. आणि '12.9 लावला म्हणजे जास्तच चांगलं' हेही खरं नाही. इतक्या कडक पोलादात गंजातून, आम्लातून किंवा घरगुती झिंक प्लेटिंगमधून हायड्रोजन शिरला तर बोल्ट आवळून काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. 10.9 च्या जागी 10.9 च. त्याचा गंज काढायला तो आम्लात बुडवायचा नाही, आणि काढताना ब्लो लॅम्पने लाल केला असेल तर तो बाद, कारण त्याचं टेम्परिंग (ताकद देणारी उष्णता-प्रक्रिया) गेलेलं असतं.

मापात पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, विसरतात लोक. एम12 चा (12 मिलिमीटर जाडीचा) बोल्ट 1.25, 1.5 आणि 1.75 मिलिमीटर अशा तिन्ही पिचमध्ये मिळतो. चुकीचा असला तरी दोन-तीन आटे बसतो, मग अडतो, आणि पान्याने रेटला की भोकातले आटे जातात. बोल्ट निदान पाच-सहा आटे बोटांनीच गेला पाहिजे. लांबी बघताना बिनआट्याचा गुळगुळीत दांडा कुठवर येतो तेही जुन्याशी ताडून पाहा. दोन भाग मिळतात तिथे दांडाच यायला हवा. तिथे आटे आले तर प्रत्येक आट्याच्या खाचेत तडा सुरू व्हायला जागा मिळते. बंद भोकात जास्त लांब बोल्ट तळाला टेकतो, रेंच 'टक' करतं, आणि भाग मात्र सैलच राहतो. भोक वायर ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ कर. आटे खराब वाटले तर थ्रेड चेसर (आटे फक्त साफ करणारं हत्यार) फिरव, नवे आटे पाडणारा टॅप नको, कारण टॅप चांगला धातूही खरवडून काढतो. लेप नसलेल्या बोल्टला थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) लावायला सांगितलं असेल तर मध्यम ताकदीचा निळा, तोही तेलाचा अंश पुसल्यावरच. पूर्ण घट्ट व्हायला त्याला 24 तास दे.

बॉल जॉइंटचा स्टड (उभा दांडा) पकडून धरणारा आडवा पिंच बोल्ट आत जाईना तर हातोडी उचलू नकोस. स्टड पूर्ण वर बसलेला नसतो, त्याची खाच भोकासमोर आलेली नसते. ठोकलास तर नव्या बोल्टचे आटे आणि नवा स्टड दोन्ही खराब होतील.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. आर्मचे बुशवाले (रबरी सांध्यातून जाणारे) बोल्ट चाक लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं आणि बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी पकडली जाते. गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, आणि नवा बुश लवकर फाटतो. काम सुरू करण्याआधी, गाडी जमिनीवर असताना, हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेव. सगळं जोडल्यावर बुशचे बोल्ट नुसते हाताने बसव, आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत हळूहळू उचल, आणि मग टॉर्क दे. गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, यावर सतत लक्ष हवं. उचलली जाऊ लागली तर थांब, आणि चारही चाकं रॅम्पवर चढवून ते बोल्ट तिथे आवळ.

टॉर्कचे आकडे तुझ्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घे, आणि एकक तपास. पौंड-फूट म्हणजे 1.356 न्यूटन-मीटर, 80 न्यूटन-मीटरच्या जागी 80 पौंड-फूट दिलेस तर ते 108 होतात. कॅलिपर ब्रॅकेटचा आकडा आणि स्लाइड पिनचा (कॅलिपर जिच्यावर सरकतो तिचा) आकडा यांत कित्येक पटींचा फरक असतो, त्यांची अदलाबदल करू नकोस. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळणं नको. रेंच एका संथ ओढीत, एकदाच 'टक'. पुन्हा पुन्हा टकटक करून खात्री करायला गेलास तर बोल्ट थोडा थोडा पुढे सरकतो. कॅसल नटची (स्प्लिट पिनेसाठी वर खाचा असलेल्या नटची) खाच पिनेच्या भोकासमोर येत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आवळ, मागे कधीच फिरवू नकोस.

आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर, डोक्यापासून शेजारच्या धातूवर जाईल अशी रंगाची एक रेघ मार. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा टॉर्कवर बघ आणि या रेघा तपास. एखादी तुटलेली दिसली तर तो बोल्ट नुसता पुन्हा आवळून मोकळा होऊ नकोस. काढ, बसण्याची जागा आणि आटे बघ, कारण शोध, आणि नवा लाव.

बोल्ट मागवण्याआधी जुन्यांच्या डोक्यांचे आणि पट्टीशेजारी ठेवलेल्या दांड्यांचे फोटो पाठव. यादी दोघे मिळून तपासू.

तुझा,
विनय