ओमच्या जेवणाबद्दल

प्रिय विनू,

परवा निघताना दारात तू म्हणालास, "अरे, हा जेवतच नाही, काय करू?" रिक्षा उभी होती, नीट बोलता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय.

मी ओमला जेवताना पाहिलं. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवलेला, त्याचे डोळे त्यावर, आणि वहिनी बाजूने घास भरवतायत. गालात भात साठलेला. "गीळ रे राजा" म्हटलं की तेवढ्यापुरता गिळायचा. मधेच जाहिरात लागली तेव्हा त्याने वाटीकडे बघून विचारलं, "हे काय आहे?" तोवर अर्धी वाटी वरणभात पोटात गेला होता. मला गलबलून आलं रे. आमच्या घरीही हेच चालायचं.

तेव्हा डॉक्टरांनी वाढीचा तक्ता पुढ्यात ठेवून समजावलं होतं. तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ-दहा किलोचं होतं, पुढे मात्र वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. म्हणजे भूक आपसूक कमी होते आणि आपण धास्तावून मागे लागतो. आमची लेक तर रोज लिटरभर दूध प्यायची, वर बिस्किटं. मग भूक लागणार कुठून? दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं, जेवणाआधी दोन तास पाण्याशिवाय काही नाही. काय वाढायचं आणि किती वाजता, ते आम्ही ठरवायचं; किती खायचं ते तिने.

पहिल्या दिवशी दोन घास खाऊन उठली. "बरं" म्हणालो खरा, पण माझ्या घशाखाली काही उतरेना. दुपारी बिस्किटासाठी तिने घर डोक्यावर घेतलं. तिची आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी मटार सोलत होतो. ती शेजारी बसून शेंगा फोडत होती, कच्चे दाणे तोंडात टाकत होती. एकदम म्हणाली, "बाबा, भूक लागली." तोवर हे तिने कधी म्हटलंच नव्हतं. आम्ही तशी वेळच येऊ दिली नव्हती.

काकू म्हणतील, आम्हीही गोष्टी सांगूनच भरवायचो. खरंय. पण 'हा घास चिऊचा' म्हणणारी आई मुलाच्या तोंडाकडे बघत असायची, पोट भरलं की तिला कळायचं. मोबाइलपुढे ना ओमला कळतं, ना वहिनींना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको. ओमचं दोन वेळचं जेवणच तासाच्या वर जातं.

एवढं कर. सगळे एकत्र बसा, त्याचं ताट वेगळं वाढा, सांडलं तर सांडू दे. अर्ध्या तासाने ताट उचल, न रागावता. तुझाही फोन तेव्हा आतल्या खोलीत हवा, विनू. यात सवलत नाही. आणि त्याआधी एकदा वजन करून आण. तक्त्यावर रेघ खाली जात असेल तर आधी डॉक्टर, बाकीचं नंतर.

काकूंशी आधीच बोलून ठेव, नातू उपाशी उठला की त्यांचा जीव तुटणार. शनिवारी सुरू कर. सोमवारी डब्याच्या घाईत जमायचं नाही. रात्री फार वाईट वाटलं तर फोन कर, मी जागा असेन.

तुझा,
दिलीप