इन्सुलिनच्या डबीतला थर्मामीटर

सेडूना, दक्षिण ऑस्ट्रेलिया
२० जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी फोनवर म्हटलं, तुम्ही दोघं सप्टेंबरमध्ये या, आमच्या राहायच्या गाडीतून फिरू, तुमचं इन्सुलिन गाडीतल्या फ्रीजमध्ये ठेवू. तुम्ही म्हणालात, "बॅटरीचा भरवसा मला सांगू नकोस, मी तेहतीस वर्षं खांबावर काढलीत," आणि फोन आईच्या हातात दिलात. आई मग मेथीचे भाव सांगत बसली. माझं बोलणं राहिलं ते राहिलंच. पुढे नऊ दिवस फोनला रेंज अशी नव्हतीच. आज सेडूनाला कपडे धुवायला टाकलेत, मशीन थांबायला पाऊण तास आहे, म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्याने वाच. बाबांना मधेच उठू देऊ नकोस.

तुमचा मुद्दा मला मान्य आहे. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, आणि ज्या गाडीला वायर जोडायला पन्नास-पन्नास कोसांत खांब नाही, तिच्या फ्रीजवर ते सोपवायचं कसं? मार्चमध्ये विचारलं असतंत तर मीच नको म्हणाले असते. मार्चमध्ये काय झालं ते तुम्हाला पुरतं सांगितलेलं नाही, आता सांगते.

आपलं बिऱ्हाड (म्हणजे ही राहायची गाडी, आईने ठेवलेलं हे नाव आता इथेही रूढ झालंय) घेतलं तेव्हा त्यात जुना फ्रीज होता, गॅसवर चालणारा. बाबा, त्याला कॉम्प्रेसरच नसतो. आत अमोनिया आणि पाणी, खाली गॅसची बोटभर ज्योत. त्या ज्योतीने अमोनिया उकळून वर जातो, गार होऊन खाली उतरतो आणि उतरताना आतली उष्णता घेऊन जातो. १९२२ साली स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे काढलं. आगीवर थंडी करायची! मला तर ते शेगडीवर बर्फ ठेवल्यासारखं वाटायचं. पण त्यातला सगळा प्रवाह उतारावरच्या पाटासारखा आपल्या वजनानेच वाहतो, त्यामुळे गाडी सपाटीवर उभी नसेल तर तो अडतो. आणि बाहेर ऊन चढलं की बिचारा धापा टाकतो.

मार्चमधल्या लांब सुट्टीत आम्ही फ्लिंडर्स रेंजेसला गेलो होतो. पारा ३८ वर. तुमच्या जावयांना दरीचं दृश्य खिडकीतून दिसायला हवं होतं, म्हणून गाडी उतारावर लावली. सकाळी फ्रीज उघडला तर आत १७ अंश! दूध नासलेलं, दह्याचं ताक झालेलं. त्या दुधाचं मी पनीर केलं आणि समीरने एका शब्दानेही तक्रार न करता खाल्लं, कारण गाडी कोणी लावली होती ते दोघांनाही माहीत होतं. तो फ्रीज १२ व्होल्टवरही चालतो म्हणतात, पण तेव्हा तो पंधरा-पंधरा अँपिअर सतत ओढतो. गाडी चालू असेपर्यंत ठीक. उभ्या गाडीत रात्रभर ठेवला तर सकाळी बॅटरीचं श्राद्ध.

एप्रिलमध्ये तो काढून कॉम्प्रेसरचा बसवला, सरळ १२ व्होल्टचा, १३० लिटर. चालू असताना साधारण पाच अँपिअर, आणि घरच्या फ्रीजसारखाच मधेमधे बंद होणारा. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण दुखणं तुम्हीच ओळखलंत. रात्री अकराला (तुमचे संध्याकाळचे सात) मी रडकुंडीला येऊन फोन केला होता: बॅटरी ठीक दाखवते आणि फ्रीज सुरू होतो न होतो तोच बंद पडतो. तुम्ही विचारलंत, "कुठे मोजलंस?" बॅटरीवर, म्हटलं. "मग बॅटरी चांगली आहे. फ्रीजपाशी मोज. गिऱ्हाईक लाइटची तक्रार करतंय आणि तू डीपीवर उभी राहून व्होल्टेज बघतेस?"

मोजलं. बॅटरीवर ११.९, फ्रीजपाशी १०.६. कॉम्प्रेसर सुरू होताना जो जादा झटका घेतो त्यात ते आणखी खाली जायचं, आणि १०.४ ला फ्रीज स्वतःहून बंद होतो, बॅटरी मरू नये म्हणून. सव्वा व्होल्ट रस्त्यातच गायब! आपल्याकडे २३० मधून एखाद-दोन व्होल्ट गेले तर कोणी विचारत नाही, इथे बारातला सव्वा म्हणजे दहावा हिस्सा. सीटखालचं फळकूट काढून वायरवरून बोट फिरवत गेले, तुम्ही सांगितलंत तसं. एका लगपाशी (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) कोमट लागलं. लग पकडीने नुसता चेपलेला होता, हाताने ओढला तर निघून आला. जावईबापूंचं काम. मी नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

वायरही बारीक होती. आणि इथे एक गंमत आहे बाबा, तुम्हाला राग येईल अशी. इथे गाड्यांच्या दुकानात "६ मिलिमीटर" म्हणून जी वायर मिळते, ते सहा म्हणजे वरच्या प्लॅस्टिकसकट जाडी! आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. आपण दुकानात सहाची मागितली की सहा चौरसचीच येते, ते इथे गृहीत धरायचं नाही. आता बॅटरीपासून फ्रीजपर्यंत १० चौरसची स्वतंत्र लाइन ओढलीय, स्वतंत्र फ्यूज, मधे एकही जॉइंट नाही. लग मी स्वतः मारले. फरक आता एका व्होल्टचा दहावा हिस्सा.

बॅटरी नवी आहे, लिथियमची, २०० अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर). आपल्या इन्व्हर्टरची १५० ची ट्यूब्युलर, शिशाची बॅटरी, दोन माणसांनी उचलायची. ही मी एकटी उचलते, साधारण पंचवीस किलो. पाणी घालायचं नाही, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन दर दोन महिन्यांनी करायचा तुमचा सोहळा इथे होणार नाही. तुम्ही म्हणायचात ना, की निम्म्याच्या खाली कधी जाऊ द्यायची नाही? ते शिशाच्या बॅटरीला खरं. हिच्यातलं ऐंशी टक्के बिनघोर वापरता येतं. फक्त शून्याखालच्या थंडीत तिला चार्ज करायचं नाही, म्हणून ती गाडीच्या पोटात, आतल्या बाजूला ठेवलीय.

आई, तुझ्या वहीत दूधवाला, पेपरवाला लिहितेस ना, तसा माझ्या वहीत अँपिअर-अवरचा जमाखर्च आहे. थंडीत फ्रीजचा रोजचा खर्च ४० च्या आसपास, दिवे, पाण्याचा पंप, फोन मिळून १०-१२. उन्हाळ्यात फ्रीज एकटाच सत्तरपर्यंत जातो. जमेच्या बाजूला छपरावर २०० वॉटची दोन पॅनल. लोकांना वाटतं ४०० वॉट म्हणजे दिवसभर ४०० मिळतात. छे! जुलैत इथे सूर्य खाली-खालीच चालतो आणि पॅनल छपरावर आडवी निजलेली. निरभ्र दिवशी ७० अँपिअर-अवर येतात, ढग असले तर २० वर समाधान मानायचं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, बाबा. आपल्या गच्चीवरचा सोलर बंब दक्षिणेकडे तोंड करून बसलाय, इथे सगळं उलटं. सुरुवातीला मी सवयीने सुटं पॅनल दक्षिणेकडे लावून ठेवलं होतं, दुपारी मीटर बघितला तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात आणखी एक पंचाईत. गाडी सावलीत हवी, फ्रीज कमी दमतो. पॅनल उन्हात हवं, नाहीतर येणार काय? आणि निलगिरीच्या एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी अख्ख्या पॅनलचा जीव जातो. त्यासाठीच ते सुटं पॅनल, लांब वायरीवर. गाडी झाडाखाली, पॅनल अंगणात पापड घातल्यासारखं.

आता या नऊ दिवसांचं. सेडूनाहून पश्चिमेला तीनशे किलोमीटरवर हेड ऑफ बाइट. समुद्र जमिनीत वाकून आलाय आणि कड्याखाली देवमासे पिल्लांना घेऊन पोहत असतात, मे ते ऑक्टोबर. आई, पिल्लू आईच्या पाठीवर चढायला बघतं, घसरतं, परत चढतं. लाकडी पुलावर आम्ही तीन तास उभे होतो, कुणाला चहाचीही आठवण झाली नाही. पुढे नलारबॉरचं पठार, झाड नाही, खांब नाही. पण बाबा, महामार्गावर कुठेही दोनशे किलोमीटरच्या आत पेट्रोलपंप आणि खाणावळ येतेच. काही ठिकाणी तर रस्त्यावरच विमानाच्या धावपट्टीचे पट्टे मारलेत, डॉक्टरांचं विमान उतरण्यासाठी. हे आईसाठी लिहिलं.

मुद्दाम परीक्षा म्हणून चार दिवस एकाच जागी थांबलो. इंजिन बंद, वीज नाही. पहिले दोन दिवस ढग. बॅटरी शंभर टक्क्यांवरून ८५, मग ७०. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धुकं, ६५. समीर म्हणाला इंजिन लावू या, दोन तासांत ६० अँपिअर-अवर येतील. मी किल्ली खिशात घालून फिरायला गेले. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि संध्याकाळी ७५. म्हणजे सूर्य रुसला तरी चारेक दिवस आपण निवांत, आणि त्यानंतर किल्ली आहेच.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यापासून मी फ्रीजमध्ये तुमच्या इन्सुलिनच्या पेनांइतकी एक रिकामी डबी ठेवलीय. तिच्यात थर्मामीटर आहे, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान लक्षात ठेवणारा. रोज सकाळी आकडे लिहायचे आणि त्यातले जुने आकडे पुसायचे. पहिल्या आठवड्यात माझी चूक झाली: डबी मागच्या गार पत्र्याला टेकवून ठेवली. शेजारच्या कोथिंबिरीची जुडी सकाळी काचेसारखी कडक, आणि थर्मामीटरवर शून्याखाली अर्धा अंश! गरम होण्याचीच भीती आपण धरतो, पण एकदा गोठलेलं इन्सुलिनही टाकूनच द्यावं लागतं. मग डबी पुढच्या बाजूला, दाराच्या कप्प्यात आणली, दोन पाण्याच्या बाटल्यांमध्ये. त्यानंतरचे आकडे ३.१ ते ६.४. एकदा ७.२ झालं, कारण मी दुपारी गरम डाल तशीच आत ठेवली होती. आई, तू मला लहानपणी याच गोष्टीवरून ओरडायचीस.

बाटल्या उगाच नाहीत. दुपारी ऊन फुकट येतं तेव्हा फ्रीज दोन अंशांनी खाली आणायचा, पाणी गार होतं. रात्री परत वर. सगळी रात्र त्या बाटल्या थंडी धरून ठेवतात आणि कॉम्प्रेसर कमी वेळा उठतो. निघायच्या आदल्या दिवशीही घरच्या विजेवर सगळं गार करून घ्यायचं, कोमट सामान घेऊन निघायचं नाही. फ्रीजच्या पाठीला मी कॉम्प्युटरचा जुना छोटा पंखाही बसवलाय, गरम हवा अडून राहत नाही.

आणि समजा, सगळंच बंद पडलं. चालू असलेलं पेन तर बहुतेक इन्सुलिनचं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे बाहेर चालतं. तुमच्या डब्यातल्या कागदावर काय लिहिलंय ते बघा आणि डॉक्टरांना विचारा. उरलेल्यांसाठी पाण्यात भिजवायची थैली घेतलीय, पाणी उडत राहतं आणि आत गारवा. म्हणजे आपला माठच. आई, इथल्या सोन्याच्या खाणीत १८९०च्या दशकात फ्रीज कुठला, तर लोक लाकडी कपाटाला गोणपाट गुंडाळायचे आणि वरून पाणी झिरपत ठेवायचे. कूलगार्डी सेफ म्हणतात त्याला. मी बघितलं तेव्हा तुझा वाळ्याचा पडदाच आठवला.

काल इकडे परत येताना सेडूनाच्या नाक्यावर गाडी थांबवली. पश्चिमेकडून फळांतली कीड येऊ नये म्हणून प्रत्येक गाडी तपासतात. बाई आत चढल्या, फ्रीज उघडला, माझी दोन लिंबं काढून घेतली आणि डबी उघडून विचारलं, हे काय? मी म्हटलं, बाबांचं इन्सुलिन. बाबा कुठेत? तासगावात. त्यांनी एकदा रिकाम्या डबीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डबी जिथे होती तिथेच, दोन बाटल्यांच्या मध्ये, नीट ठेवून दिली.

तर सप्टेंबरची तिकिटं बघू का? इन्सुलिन हातातल्या पिशवीत घ्यायचं, सामानात टाकायचं नाही, तिथे गोठू शकतं. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र सोबत हवं, आणि तीन महिन्यांपुरतंच आणायचं. आई, पेढे आणि कसलंही बी-बियाणं आणू नकोस, काढून घेतील. मसाला आण, पण फॉर्मवर लिहायचा. आणि बाबा, तुम्ही टाँग टेस्टर (वायरीला चिमटा लावून करंट मोजायचा तो) बॅगेत भरणार हे मला माहीत आहे. तो एसी करंटचा आहे, इथे गाडीतल्या डीसी करंटला शून्य दाखवेल. डीसीचा मी घेऊन ठेवलाय.

मशीन थांबलं. कपडे वाळत घालायचेत.

तुमची,
मनू