ज्युलियस सर, माझ्या मनगटातली आग खरी होती

आदरणीय डेव्हिड ज्युलियस सर,

कोमट पाण्यानं हात भाजतो, हे मला कुणालाही पटवून देता आलं नव्हतं. आमवात झाल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. उजवं मनगट सुजून लालबुंद झालं होतं. ताईनं शेकायला पाणी काढलं, स्वतः हात घालून पाहिला आणि म्हणाली, "अगं, कोमटच आहे." मी हात बुडवला आणि किंचाळून बाहेर काढला. मग डावा बुडवून पाहिला, तर पाणी खरंच कोमट. भांडं एकच, हात दोन्ही माझेच. एका डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "दुखण्याकडे इतकं लक्ष देऊ नका." त्यानंतर मी ते सांगणंच सोडून दिलं. दुखतं ते सोसता येतं. पण हे सगळं आपल्या मनाचेच खेळ असतील का, ही शंका आतून पोखरत राहते.

२०२१ मध्ये तुम्हाला आणि आर्डेम पटापुटियन यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा मी तुमच्या कामाबद्दल पहिल्यांदा वाचलं. वाचायला घेतलं ते मिरचीच्या कुतूहलापोटी. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडात आग का पेटवतं, हे त्या आधी कितीतरी वर्षं कुणाला नेमकं सांगता येत नव्हतं. ते वेदनेच्या चेतापेशींना चेतवतं एवढं माहीत होतं. कशाला धरून चेतवतं, ते नव्हतं.

तुम्ही ते ज्या पद्धतीनं शोधलंत, तो भाग मी पुन्हापुन्हा वाचला आहे. वेदना जाणवून देणाऱ्या चेतापेशींमध्ये जी जनुकं काम करत असतात, त्यांचे लाखो तुकडे तुम्ही जमवलेत. मिरचीचं ज्यांना काहीच वाटत नाही अशा पेशींमध्ये ते सोळा-सोळा हजारांच्या गटांनी घातलेत आणि वरून कॅप्सेसिन सोडलंत. आत कॅल्शियम शिरलं की रंगद्रव्यामुळे ते दिसतं. त्या खुणेची वाट पाहत बसायचं. गटामागून गट गेले. शेवटी एका गटातल्या मोजक्या पेशींनी दाद दिली. मग तो गट फोडायचा, पुन्हा तपासायचा, पुन्हा फोडायचा, एकच जनुक हाती उरेपर्यंत. मायकेल कॅटरिना आणि तुमच्या इतर सहकाऱ्यांबरोबरचा हा शोध ऑक्टोबर १९९७ मध्ये छापून आला. त्यांचेही आभार या पत्रात धरा.

त्या जनुकातून तयार होणारा रिसेप्टर, म्हणजे चेतापेशीच्या पडद्यावरचं, संकेत ओळखून उघडणारं दारच. टीआरपीव्ही१ हे त्याचं नाव. तो मिरचीनं उघडतो तसाच उष्णतेनंही उघडतो, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे. म्हणजे मिरचीनं 'भाजलं' म्हणतो तेव्हा चेतापेशीच्या दृष्टीनं ते अक्षरशः भाजणंच असतं.

आणि मग माझं मनगट आलं. सूज आलेल्या जागी ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं पाझरतात, आम्लता वाढते. या सगळ्यांमुळे तो रिसेप्टर हळवा होतो, त्याचा ४३ चा उंबरठा खाली सरकतो. इतका, की शरीराचं नेहमीचं तापमानही त्याला उघडायला पुरेसं ठरू शकतं. कोमट पाणी तर दूरच राहिलं. २००० साली तुम्ही हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांवर प्रयोग केलात. त्यांच्या पंजाला सूज आली, तरी उष्णतेचा तो वाढीव दाह त्यांना झाला नाही. हे वाचताना मी रडले, सर. दोन हात आणि एक भांडं, याचं उत्तर त्या पंजांत होतं.

माझं दुखणं त्यामुळे कमी झालेलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. टीआरपीव्ही१ बंद पाडणारी औषधं बनली, माणसांवर तपासलीही गेली. पण काहींनी शरीराचं तापमान वाढलं आणि चटका बसण्याइतकं गरम काय आहे, हेही नीट कळेनासं झालं. जो रिसेप्टर मला छळतो तोच इतरांचे हात भाजण्यापासून वाचवतो, तेव्हा हे अवघडच असणार. तुम्ही थांबला नाहीत, हे मला दिसतं. थंडाव्याचा रिसेप्टर झाला, मोहरीची आणि वासाबीची झणझण ओळखणारा झाला, कोळ्याचं विष वापरून झालं, आणि २०१३ मध्ये यिफान चेंग यांच्यासोबत टीआरपीव्ही१ ची जवळजवळ अणूअणूपर्यंतची रचनाही तुम्ही दाखवलीत. नवं औषध शोधणाऱ्यांना निदान कुलूप कसं आहे ते आता दिसतं.

मला तुमच्याकडून गोळी मिळाली नाही. माझ्या शब्दावर माझा विश्वास परत मिळाला. पुढच्या वेळी नव्या डॉक्टरांसमोर मी सगळं सांगितलं: कुठला हात, कसलं पाणी, किती सूज. त्यांनी ऐकलं, सूज आटोक्यात आणणारं औषध बदललं, आणि त्या मनगटाला शेक बंद करायला सांगितलं.

तुमच्या लेखातलं चित्र मी ताईला दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. आता पाणी काढलं की ती स्वतःचा हात घालून पाहत नाही. भांडं माझ्यापुढे ठेवते आणि विचारते, "तुझ्या हाताला कसं लागतंय?"

तुमची कायमची ऋणी,
आमवाताची एक रुग्ण